पाचशेला जरा कमी

आमच्या गावाची लोकसंख्या किती, असं विचारणाऱ्याने आधी महिना सांगावा. माघात विचारलंत तर एक उत्तर, यात्रेत विचारलंत तर दुसरं, गणपतीत तिसरं. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशी विचारलंत तर उत्तर द्यायला कुणी मोकळाच सापडणार नाही.

गाव सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या उतारावर आहे. पाहुण्याला तो उतार वाटतो. बाजाराची पिशवी घेऊन फाट्यावरून घरी येणाऱ्याला तोच चढ असतो. दोन पिढ्यांपूर्वी गावातले गडी मुंबईला ओझी उचलायला गेले. आधी मशीद बंदर, मग घाऊक बाजार वाशीला हलला तसे त्याच्या मागोमाग कोपरखैरणे, घणसोली. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि पाठीवर ओझं घेणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी आला. निधी आला तशी खोली आली, खोली आली तशी बायकापोरं गेली. गावात राहिली ती घरं, त्यांची कुलपं, आणि कुलपांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, म्हणजे पर्यायाने सरकारचा मोजणीदार. माणसं, मतदार, पोलिओची पोरं, शौचालयं, सरकारला जे जे मोजावंसं वाटलं ते मी मोजलं. मधल्या वेळात शिकवलंही. २०११ च्या जनगणनेत ९ ते २८ फेब्रुवारी या काळात कागदांचा गठ्ठा काखोटीला मारून मी वाडीवाडीने फिरलो.

"आजी, घरात माणसं किती?"

"कवाची?"

"आत्ताची."

"आत्ता म्या हाय अन् तुमी हाईसा."

"मला धरू नका. मी माझ्या घरी."

"मग माजं तीन ल्योक ल्हिवा. दोगांच्या बायका, पोरं धरून धा हुत्यात."

"ते कुठे आहेत?"

"म्हमईला."

"मग ते इथे धरायचे नाहीत."

"का? मेल्यात व्हय?"

नियम त्या म्हातारीला कसा सांगावा? मोजणीच्या सबंध काळात जो घरी फिरकलाच नाही, तो त्या घरी धरायचा नाही. जिथे असेल तिथे धरायचा. नियम शहाणा आहे, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पण आजीकडे तीन पोरांचं नाव असलेलं रेशनकार्ड होतं, मतदारयादीत त्यांची नावं होती, सातबाऱ्यावर त्यांची नावं होती, आणि भावकीच्या भांडणातही त्यांचीच नावं होती. एवढे पुरावे समोर असताना एक मास्तर येऊन म्हणतो, घरात माणूस एक. तिने मला चहा दिला, पण साखर हात राखून घातली.

यात आमचंच गाव एकटं नाही, हा एक दिलासा. फेब्रुवारी म्हणजे उसाचा ऐन हंगाम. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरची धडधाकट माणसं तेव्हा कोयता घेऊन सातारा, सांगली, कोल्हापूरच्या फडात असतात. ती साखर कारखान्याच्या तळावर, कोपीत मोजायची. म्हणजे साताऱ्याच्या आकड्यात बीडची माणसं, ठाण्याच्या आकड्यात साताऱ्याची माणसं. कोकणाचं तर काय सांगावं! २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. सगळे मुंबईला गेले, असं म्हणावं तर त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली. मग माणसं गेली कुठे? ती सापडली ठाणे जिल्ह्यात. तो जिल्हा २०११ साली १ कोटी १० लाखांवर जाऊन देशात पहिला आला. त्या पहिल्या नंबरात आमच्या आजीची दहा माणसं आहेत, पण कुणी तिला पेढा दिलेला नाही.

आकडा लागला तेव्हा आमचं गाव पाचशेला जरा कमी भरलं. तुम्ही म्हणाल, भरलं तर भरलं, त्यात एवढं काय? तर पाचशे हा आकडा साधा नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, आणि तिचा मुख्य निकष लोकसंख्येचा. मैदानी भागात ५०० च्या वरची वस्ती असेल तर पक्क्या रस्त्याने जोडायची. डोंगरी राज्यं, वाळवंट, आदिवासी क्षेत्रं यांना सवलत, तिथे २५० पुरतात. आता महाराष्ट्र काही डोंगरी राज्यांत मोडत नाही आणि आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे आम्ही मैदानी. राज्य सरकारच्या डोंगरी विकास कार्यक्रमात आमचा तालुका डोंगरी आहे, केंद्राच्या रस्त्याच्या कागदावर तोच मैदानी. ही वाट चढताना माणूस धापा टाकतो ते कोणत्या सरकारच्या हिशेबाने, हे एकदा ठरायला हवं.

सरपंचांना हा हिशेब आधीच ठाऊक होता. मोजणी चालू असताना ते शाळेत आले, बाकावर बसले आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "गुरुजी, थोडी माणसं वाढवा की."

"ते माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात हाय? पेन तर तुमच्याच हातात हाय."

मी वाढवली नाहीत. त्यामुळे गावात माझी प्रामाणिक म्हणून ख्याती झाली आणि पुढची काही वर्षं मला कुणी लग्नात पहिल्या पंगतीला बसवलं नाही.

खरी गंमत पुढेच आहे. योजनेचा चौथा टप्पा २०२४ साली मंजूर झाला. २५ हजार वस्त्या, साडेबासष्ट हजार किलोमीटर रस्ते, मुदत २०२८-२९ पर्यंत. आणि त्यासाठी लोकसंख्या कुठली धरायची? २०११ ची, कारण २०२१ ची जनगणना करोनामुळे झालीच नाही. म्हणजे २०२९ पर्यंत कुणाच्या दारात डांबर पडायचं, हे २०११ च्या फेब्रुवारीत कोण घरी होतं त्यावर ठरणार. आमच्या गावातल्या एका घराने त्या वर्षी जानेवारीत बिऱ्हाड हलवलं. ती माणसं महिनाभर थांबली असती तर गावाचा इतिहास बदलला असता. ती थांबली नाहीत, कारण पोराला दवाखान्यात न्यायला रस्ता नव्हता. रस्ता नाही म्हणून माणसं गेली, आणि माणसं गेली म्हणून रस्ता नाही. या कोड्याचं उत्तर कुठल्याही कार्यालयात नाही. प्रत्येक टेबलावर अर्धंच कोडं आहे.

आमचा रस्ता मात्र या चौथ्या टप्प्याच्या आधीच राज्याच्या योजनेतून झाला एकदाचा. मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ पासून आहे, राहिलेल्या वाड्यावस्त्या तिच्यात येतात. आम्ही नारळ फोडला. रस्त्यावरून पहिली गाडी आली ती पुढाऱ्यांची. दुसरा आला टेम्पो. वरच्या आळीतलं एक बिऱ्हाड कपाट, गादी, पाण्याचं पिंप आणि तुळस घेऊन त्यात बसलं आणि घणसोलीला गेलं. पूर्वी कपाट डोक्यावरून उतरवावं लागत असल्यामुळे त्यांचं जाणं दोन वर्षं लांबलं होतं.

जनगणनेत माणसांबरोबर गावाच्या सोयींचंही एक पत्रक असतं. शाळा आहे का, दवाखाना आहे का, बस येते का, रेल्वे आहे का. असेल तर हो. नसेल तर सोय किती लांब, ते अक्षरात लिहायचं. पाच किलोमीटरच्या आत असेल तर 'ए', पाच ते दहा 'बी', दहाच्या पुढे 'सी'. आमचं पत्रक म्हणजे एका अक्षराची शुद्धलेखनाची वही. बँक सी, कॉलेज सी, मोठा दवाखाना सी, रेल्वे सी. दहाच्या पुढे नेमकं किती, हे सरकार विचारत नाही. त्या हिशेबाने कऱ्हाडही 'सी' आणि चंद्रही 'सी'.

रेल्वेचं म्हणाल तर कऱ्हाडचं स्टेशन कऱ्हाडातही नाही, ओगलेवाडीला आहे. म्हणजे स्टेशनला पोचूनही माणूस गावात पोचत नाही. कऱ्हाड ते चिपळूण रेल्वेमार्गाच्या घोषणा ऐकत माझी नोकरी संपली, त्यामुळे त्याविषयी माझं मत पेन्शनरांना शोभेल असं शांत आहे.

पण त्या पत्रकात सगळ्यात मोठी चूक म्हणजे महिन्याचा रकाना नाही. ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेला की 'ए' चा 'सी' होतो. उन्हाळ्यात आरोग्य उपकेंद्र जवळ असतं, श्रावणात तेच परगावी जातं. दर पावसाळ्यात राज्यातल्या कुठल्यातरी वाडीवरून बाळंतिणीला झोळीत घालून नेल्याची बातमी येते, तेव्हा तिथलंही पत्रक कुणी उन्हाळ्यातच भरलेलं असणार.

आता एसटी. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली. १ जून ही तारीख आम्हा मास्तर लोकांची लाडकी. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो म्हणायचा, "पाऊस लई झालता तवा." मग आम्ही १ जून लिहून मोकळे व्हायचो. गावातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एसटीच्या वाढदिवशीच येतो तो यामुळे. म्हणून की काय, गावाचा एसटीवर भावंडासारखा जीव.

रस्ता झाल्यावर ग्रामपंचायतीने बससाठी ठराव केला. आमची गट ग्रामपंचायत. तीन गावं मिळून एक कार्यालय, त्यामुळे ठराव एक आणि थांबे कुठे यावर भांडणं तीन. आगारातून पाहणीला साहेब आले. त्यांनी रस्ता पाहिला, वळणं पाहिली आणि विचारलं, "गाडी वळवायची कुठे?" हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. आम्ही गाडी येण्याची स्वप्नं पाहिली होती, जाण्याची नव्हे. देवळापुढे जागा होती, पण कोपऱ्यावर एका भावकीचा उकिरडा. शंभर वर्षांत कुणी न मागितलेल्या त्या उकिरड्याला त्या संध्याकाळी तीन वारस निघाले. शेवटी देवाचा कौल लावून उकिरडा मागे सरकवला आणि गाडी सुरू झाली. मुक्कामी गाडी!

ज्यांनी मुक्कामी गाडी पाहिली नाही त्यांना तिचा थाट कळायचा नाही. सांजवेळी ती चढाला लागली की आवाजावरून बायका भाताला आधण ठेवायच्या. देवळापुढे ती वळायला लागली की अख्खी आळी ड्रायव्हरला शिकवायची. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... आवं थांबा!" ज्याने आयुष्यात बैलगाडीही मागे घेतली नव्हती तोही हात हलवायचा. चालक-वाहक शाळेच्या वर्गात झोपायचे, आणि सकाळी साडेसहाला डबल बेल. त्या बेलवर गावाचं घड्याळ लावलेलं. दुधाच्या किटल्या, कॉलेजच्या पोरी, कोर्टाची तारीख असलेले दोन भाऊ एकाच बाकावर एकमेकांकडे पाठ करून. शिवाय कऱ्हाडला शिकणाऱ्या पोराचा भाकरीचा डबा. तो वाहकाच्या स्वाधीन करायचा आणि तिथे पोराने स्टँडवरून उतरवून घ्यायचा. वाहक हा आमचा पोस्टमन, औषधवाला आणि वर्तमानपत्र होता. गोळ्यांची चिठ्ठी सकाळी दिली की संध्याकाळी गोळ्या हजर, उरलेल्या सुट्या पैशांसह.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यांच्या पगाराचं दुखणं खरं होतं, आणि आमच्या शाळेत झोपणाऱ्या माणसांवर रागावणार कोण? संप मिटला, बाकीच्या फेऱ्या हळूहळू आल्या, मुक्कामी गाडी मात्र आली नाही. आगारात चौकशी केली तेव्हा कळलं, भारमान नाही.

भारमान म्हणजे गाडीच्या जागांच्या मानाने माणसं किती बसली, त्याचा हिशेब. माणसं कमी म्हणून फेरी कमी. फेरी कमी झाली की गाडीचा भरवसा नाही म्हणून माणसं दुसरी सोय बघतात, मग भारमान आणखी कमी. रस्त्याचं अर्धं कोडं इथेही आहेच, फक्त टेबल बदललं.

त्यात सवलतींची बहार. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही योजना चांगल्या, आणि आमचं गाव म्हणजे या दोन्ही योजनांच्या लाभार्थ्यांचं आगारच. पण लाभ घ्यायचा तर आधी फाट्यापर्यंत चालत जायचं. जो फाट्यापर्यंत चालत जाऊ शकतो, त्याची पंचाहत्तरी आधारकार्डावर अजून आलेली नसते. एक आजोबा माझ्यावर डूख धरून आहेत. त्यांना शाळेत घालताना माझ्या आधीच्या मास्तरांनी वय कमी लिहिलं. "माजी सात वर्सं तुमच्या खात्यानं खाल्ली," म्हणतात. दिवाळीला ते मला त्या सात वर्षांचं तिकीट मागतात.

आता आमची भिस्त वडापवर. जीपमध्ये माणसं किती बसतात, हे कंपनीने लिहिलेलं असतं, पण कंपनीला आमच्या लोकांची माया ठाऊक नाही. वडापला वेळापत्रक नसतं. भरली की सुटते. भरायला दोन कमी असतील तर वडापवाला माणसं हुडकत गावातून फिरतो, आणि यातूनच मला एक शोध लागला. गावाची खरी लोकसंख्या फक्त त्याला माहीत आहे. कोण कालच्या रातराणीने मुंबईहून आला, कुणाची सून माहेरी गेली, कुणाला डॉक्टरने परत बोलावलंय, कुणाच्या घरी दशक्रियेला किती माणसं येणार, सगळं तोंडपाठ. मी इतकी वर्षं कागद घेऊन दारोदार फिरलो आणि हा बाबा नुसता हॉर्न वाजवून जनगणना करतो. त्याचा आकडा कधी चुकत नाही, कारण चुकला तर डिझेल त्याचं जातं.

वर्षातून काही दिवस मात्र गावाला वाहनं पुरून उरतात. यात्रेला मुंबईकर येतात. देवळापुढे पालखी वळायला जागा राहत नाही, कारण तिथे गाड्या लावलेल्या. आणि निवडणुकीला तर विचारू नका. ग्रामपंचायतीत एका प्रभागात पाच-सहा मतांनी माणूस पडतो. त्यामुळे कोपरखैरण्यात एक मत जरी असलं तरी त्याच्यासाठी जीप जाते, घराखालून उचलते, वाटेत जेवण घालते आणि बूथच्या दारात सोडते. आजारी मतदाराला खुर्चीत बसवून चौघे आणतात. एरवी एसटीला भारमान नाही, रस्त्याला लोकसंख्या नाही. त्या दिवशी एकेका डोक्याला एकेक सीट. लोकशाहीत माणसाला किंमत आहे हे मला पुस्तकात कधी पटलं नव्हतं, त्या दिवशी पटतं.

आमची ही तक्रार लाडावलेल्या लेकराची आहे, हेही मला माहीत आहे. गडचिरोली जिल्ह्यात अहेरीहून गर्देवाडा भागात पहिली एसटी निघाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. तिथल्या माणसांनी स्वातंत्र्य मिळाल्यापासून वाट पाहिली. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हे वाक्य आपण विनोदाने म्हणतो, ते त्यांनी अक्षरशः पाळलं. आणि २०११ च्या हिशेबाने महाराष्ट्रात अडीच हजारांहून जास्त गावं अशी आहेत की जिथे कुणीच राहत नाही. नकाशावर नाव आहे, महसुली दप्तरात हद्द आहे, माणूस नाही. तिथे रस्त्याची मागणी करायलाही कुणी उरलं नाही. आमच्याकडे निदान आजी आहे.

नवी जनगणना जाहीर झाली आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७, म्हणजे माणसं मोजली जाणार पुन्हा फेब्रुवारीतच. कोयते फडात असतील आणि आमचे गडी वाशीत. मी आता निवृत्त आहे, पेन दुसऱ्याच्या हातात आहे, तेव्हा सरपंचांनी त्यांच्याशी बोलावं.

माझी विनंती आगाराला आहे. साहेब, मुक्कामी गाडी पुन्हा सुरू करा. शाळेचा पट घसरल्यामुळे एक वर्ग कायमचा मोकळा आहे, चालक-वाहकांची झोपायची सोय उत्तम होईल. गाडी वळवायला जागा आहे, उकिरड्याचा निकाल लागलेला आहे. जेवणाचं आजीने कबूल केलंय. रोज जमत नसेल तर निदान २८ फेब्रुवारी २०२७ च्या रात्री तरी पाठवा. रात्री बाराच्या ठोक्याला जो जिथे असेल तो तिथला, असा सोयीस्कर अर्थ आम्ही लावू, आणि पाचशेला जे दोन कमी पडतील ते चालक आणि वाहक.